तू तरी जा

सौमित्रला जाऊन दोन दिवस झाले, तरी चारुताची बॅकपॅक रेडमंडच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये दाराशी तशीच भरलेली उभी होती. ती रिकामी करायची म्हणजे प्रवास रद्द झाला हे स्वतःच्या हातांनी कबूल करायचं, आणि तेवढं तिच्याच्याने होत नव्हतं. मग सकाळी दात घासायला तिने बॅगेच्या वरच्या कप्प्यातला घडीचा ब्रश काढला. आंघोळीनंतर प्रवासासाठी घेतलेला पातळ निळा टॉवेल काढला, जो अंग पुसत नाही, नुसतं पाणी इकडचं तिकडे करतो. कपाट धुतलेल्या कपड्यांनी भरलेलं असताना तिने बॅगेत गुंडाळून ठेवलेला टी-शर्ट उलगडला, चुरगळलेला तसाच घातला आणि लॅबला गेली. संध्याकाळी वापरलेले कपडे बॅगेच्या खालच्या कप्प्यात गेले. घरातल्या घरातच तिचं बॅकपॅकिंग चाललं होतं.

अगदी तशीच, त्याच दुकानातून त्याच दिवशी घेतलेली दुसरी बॅकपॅक हनोईमध्ये होती, सौमित्रच्या पाठीवर.

हनोई तिनेच निवडलं होतं. लग्न झालं तेव्हा तिची शेवटची परीक्षा आणि त्याच्या कंपनीचं काहीतरी मोठं रिलीज एकाच आठवड्यात आलं होतं, त्यामुळे लग्नानंतर कुठे जाणं राहूनच गेलं. ते आता उरकायचं नव्हतं, साजरं करायचं होतं. पाठीवर एकेक बॅग, जुन्या वस्तीतलं साधंसं हॉटेल, फुटपाथवर जेवण आणि शेवटी समुद्रात उगवलेल्या त्या हिरव्या डोंगरांमधे बोटीवरचा मुक्काम. वसंतापासून ती लॅपटॉपवर त्या शहरात हिंडत होती. कुठल्या गल्लीत पत्र्याचे डबे ठोकतात, कुठे नुसत्या बांबूच्या शिड्या विकतात, होआन कीएम तळ्याला कुठून गेलं की सावली लागते, हे तिला रेडमंडच्या बसमार्गांपेक्षा जास्त पाठ होतं. तिथला रस्ता कसा ओलांडायचा याचे व्हिडिओ तर तिने इतके पाहिले होते की सौमित्र म्हणायचा, यार, तुला लायसन्स मिळेल आता. तिथे स्कूटरचा लोंढा थांबत नाही. आपण थांबायचं नाही, पळायचं नाही, एकसारख्या चालीने सरळ चालत राहायचं. लोंढाच आपल्याला वळसा घालतो.

मग व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलीणबाईंचा ईमेल आला. चारुताचा व्हिसा विद्यार्थिनीचा होता. तो नोकरीचा व्हावा म्हणून तिच्या कंपनीने अर्ज केला होता, आणि असे अर्ज ऑक्टोबरपर्यंत निकालात निघतात असा सगळ्यांचा अनुभव, म्हणून दोघांनी तिकिटं नोव्हेंबरची काढली. ऑक्टोबरात निकालाऐवजी अर्जावर शंका आली. तिचं उत्तर गेलं, पुढे काहीच हललं नाही, आणि निघायच्या आठवड्यात बाईंनी दोन ओळींत कळवलं: अर्ज अडकलेला असताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. कृपया प्रवास करू नये.

ईमेल तिने स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचला. सौमित्र कुकरवर शिट्टी बसवत होता. मग तीच म्हणाली, "दोघांचं कशाला बुडवायचं? तू तरी जा."

"बरं," सौमित्र म्हणाला. "मग मी जातो."

कुकरची पहिली शिट्टीसुद्धा अजून व्हायची होती.

इथे चारुताचं माहेर नागपूरचं आहे हे सांगायला हवं. तिच्या घरी पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही आणि पहिल्या नकाराला कुणी नकार समजत नाही. पाहुणा चहाला नको म्हणतो, मग आई आधण ठेवते, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, आई साखर घालते, तिसऱ्या नकारापर्यंत कप हातात आलेला असतो. उलट सौमित्रच्या पुण्यातल्या घरी माणूस एकदा विचारतो, कारण त्याला खरंच उत्तर हवं असतं. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "पोळी वाढू का अजून?" चारुता रीतीप्रमाणे नको म्हणाली, आणि पोळ्यांचा डबा झाकण लागून आत गेला. रात्री तिने हे सांगितलं तेव्हा सौमित्र हसून हसून खाली बसला, आणि स्वयंपाकघरातून गार पोळीला गूळतूप लावून घेऊन आला. तेव्हापासून तिला नियम माहीत होता. पण माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी तोंडातून काय निघतं ते वेगळं.

तिला त्याने जाऊ नये असं वाटत होतं का? तेही नाही. त्याने एकदा, निदान एकदा, नको म्हणावं एवढंच हवं होतं.

पहिला फोन आला तेव्हा ती बसमधून उतरून घराकडे चालत होती. रेडमंडमध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते, अंधार पडला होता आणि भुरभुर पाऊस लागला होता, जो तिथे नोव्हेंबरात लागतो तो थेट वसंतातच थांबतो. हनोईत दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. स्क्रीनवर सौमित्र पाटाएवढ्या उंचीच्या लाल प्लॅस्टिकच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. शेजारी तसंच एक निळं स्टूल होतं, त्यावर त्याची बॅग होती. मागून स्कूटरचा सलग घरघराट येत होता.

"हे बघ," तो म्हणाला, आणि वाफाळणारा वाडगा फोनसमोर धरला.

"वास कसला येतोय?"

"मस्त येतोय."

"मस्त हा वास नसतो, सौमित्र."

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिचं काम वासाचंच होतं. खाद्यपदार्थांचे स्वाद बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये एक यंत्र होतं. ते अर्कातले घटक सुटे करून एकामागून एक काचेच्या नळीतून सोडायचं. नळीच्या तोंडाशी नाक नेऊन चारुता बसायची, आणि पुढचा वास यायच्या आत आलेल्या वासाला नाव द्यायची. ओलं गवत. करपलेली साखर. जुनं पुस्तक. पहिल्या आठवड्यात ती एकदा "छान" म्हणाली, तर तिची सुपरवायझर नुसती भुवया उंचावून बघत राहिली होती.

"अगं, माझं नाक वरणभातावर वाढलेलं आहे," सौमित्र म्हणाला. "मला काय कळणार?"

"डोळे मीट. घाई करू नकोस."

त्याने खरंच डोळे मिटले. समोरची बाई पळीने सूप ढवळता ढवळता त्याच्याकडे बघून हसली.

"दालचिनी," तो म्हणाला. "पण गोडातली नाही. मसालेभात संपल्यावर पातेल्याला मागे राहतो ना, तसा. आणि वरून काहीतरी हिरवं, आत्ताच कापलेलं."

चारुता फुटपाथवर उभी राहिली. तिच्या जॅकेटच्या टोपीवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडाला पाणी सुटलं होतं.

"समोरचा रस्ता ओलांडलास की डावीकडे तळं," ती म्हणाली. "सकाळी तिथे म्हाताऱ्या बायका पंखे घेऊन व्यायाम करतात. आत्ता जा, नाहीतर संपेल."

"हो, जातो ना. आधी हे खातो."

फोन ठेवल्यावर तिने घरी येऊन तूपभात खाल्ला, आणि जेवताना त्याच्या लोकेशनचा निळा ठिपका उघडून समोर ठेवला. ठिपका निघाला, कोपऱ्यावर वळला, आणखी एका कोपऱ्यावर वळला, आणि थोड्या वेळाने पुन्हा हॉटेलपाशी आला. तिला वाटलं, नेटवर्क नीट नसेल.

दुसऱ्या दिवशी तो त्याच स्टुलावर होता, शेजारच्या निळ्या स्टुलावर बॅग तशीच. सूपवाल्या बाईंनी दोन बोटं वर करून भुवयांनी विचारलं. सौमित्रने एक बोट दाखवलं. चारुताने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"तळं कसं आहे?"

"छान आहे. हॉटेलच्या गच्चीवरून सगळं दिसतं."

"गच्चीवरून?"

"बरं, ऐक, एक गंमत सांगतो," तो घाईघाईने म्हणाला. "रात्री खोलीत एक वास येतो. खिडकी लावली तरी येतो. तळ्याच्या बाजूने येतो बहुतेक. मला तो माहितीये, चारु. पण नावच आठवत नाही."

तिच्यातली लॅब लगेच जागी झाली. "गोड?"

"गोड. पण जरा जास्तच. कुणीतरी अत्तर सांडून पळून गेल्यासारखा."

"फुलाचा? लाकडाचा? ओला, कोरडा?"

"फुलाचाच. आणि त्यात दूध उतू गेल्यासारखं काहीतरी."

"जा ना मग, बघून ये कसलं झाड आहे. पान आण."

"बघतो," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे अशा नजरेने पाहिलं की समोर जणू नदी आहे आणि होडी निघून गेलीये. मग विषय बदलला. "हॉटेलमधला एक ग्रुप उद्या खाडीवर चाललाय. बोटीत एक जागा आहे म्हणतात. जाऊ का?"

तो मुक्काम तिने शेवटी ठेवला होता. सगळ्यात शेवटी, कारण ज्याची सगळ्यात जास्त ओढ असते ते ती नेहमी शेवटी ठेवायची, ताटातल्या गोडासारखं. त्या डोंगरांमधे पहाटे पाण्यावर धुकं कसं दिसेल, हे तिने झोप येईना तेव्हा कितीदा तरी डोळ्यांपुढे आणलं होतं, आणि त्या धुक्यात प्रत्येक वेळी दोन माणसं होती.

"जा की," ती म्हणाली.

"बरं."

स्क्रीन काळी झाल्यावर तिला कळलं की आपण तेच पुन्हा केलं. ती दाराशी बॅगेजवळ खाली बसली. बॅगेच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बोटीवर घालायला घेतलेला पिवळा फ्रॉक होता. तिने चेन उघडली, हात घालून तो कापडाला लागेपर्यंत आत नेला, आणि तसाच बाहेर काढला.

तेवढ्यात बेल वाजली. कांचनकाकू होत्या, शेजारच्या इमारतीतल्या. मूळच्या अमरावतीच्या, तरुणपणी डॉक्टर म्हणून अमेरिकेत आल्या, ट्रॉय नावाच्या गावी राहून शस्त्रक्रियेच्या आधी लोकांना भूल देण्यात आयुष्य घालवलं, आणि आता निवृत्त होऊन मुलाजवळ रेडमंडला आल्या होत्या. हातात डबा होता.

"काय करून राहिली? एवढा वेळ दार उघडायला?" त्यांनी विचारलं, आणि बॅग पाहिली. "हे काय, निघाली कुठे?"

"कुठे नाही काकू. काढायची राहिलीय."

काकू हात धुवायला आत गेल्या आणि निळा टॉवेल दोन बोटांत धरून बाहेर आल्या. "हा टॉवेल आहे की पापड वाळवायचं फडकं?"

चारुताला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, म्हणून ती चहा ठेवायला वळली. डब्यात सांबारवड्या होत्या, कोथिंबिरीचं सारण भरलेल्या, तिच्या आईच्या हातच्यापेक्षा किंचित जाड. एक खाऊन झाली.

"घे अजून."

"नको काकू."

"घे गं."

"खरंच नको."

"एकच," असं म्हणत काकूंनी वडी तिच्या बशीत ठेवली, आणि तिने खायला घेतली. अर्धी खाऊन झाल्यावर ती सगळं सांगून मोकळी झाली. ईमेल, कुकर, 'तू तरी जा', 'बरं', आणि आत्ताची बोट.

"पुण्याच्या पोराला एकदाच म्हटलंस?" काकू म्हणाल्या. "मग गेला त्यात त्याचं काय चुकलं, बाप्पा? तू म्हणालीस जा, तो गेला. एवढा ऐकणारा नवरा आमच्या वेळी दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता."

"मला वाटलं, एकदा तरी म्हणेल, तुझ्याशिवाय नाही जात."

"म्हणाला असता तर?"

"तर मी म्हटलं असतं, जा रे, खरंच जा."

"म्हणजे गेलाच असता."

"हो."

"मग फरक काय पडला असता?"

चारुताने विचार केला. प्रश्न सरळ होता आणि उत्तरही तिला सरळच द्यायचं होतं. "तेव्हा मी पाठवलं असतं," ती म्हणाली. "आता तो निघून गेलाय."

काकूंनी कप खाली ठेवला. "हे त्याला सांगितलंस?"

"मागून घेतलेलं ते काय घ्यायचं, काकू?"

"सासरी पहिल्या दिवशी तू अर्धपोटी उठलीस," काकू म्हणाल्या. ती गोष्ट त्यांना माहीत होती. चारुताने ती सगळ्यांनाच सांगितली होती. "तुझ्या सासूचं काय गेलं त्यात? भूक कुणाला लागली होती?"

जाताना त्यांनी डबा तिथेच ठेवला. ती नको म्हणाली, आणि त्यांनी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीच्या धुरकट काचेकडे बघत चारुताने वाक्य जुळवलं. तू गेलास याचं वाईट वाटलं, असं नको. ते तक्रारीसारखं होतं. मला तू हवा होतास, असंही नको, ते नाटकातल्यासारखं. प्रयोगाची निरीक्षणं लिहितात तसं सांगायचं: मी अमुक म्हणाले, मला तमुक अपेक्षित होतं, ते घडलं नाही. उतरल्यावर पुढच्या चौकात, पादचाऱ्यांच्या दिव्यापाशी उभी राहून तिने फोन लावला. तो आता बोटीकडे जाणाऱ्या बसमध्ये असेल. रेंज असली तर बरं.

सौमित्रने लगेच उचलला. तो फुटपाथवर होता. मागे पत्र्याच्या डब्यांचं दुकान.

"तू गेला नाहीस?"

"बस आली होती," तो म्हणाला. "पण समोरच्या बाजूला थांबली."

"मग?"

"मी या बाजूला होतो."

चारुताला त्या निळ्या ठिपक्याची आठवण झाली. कोपरा, कोपरा, कोपरा, हॉटेल.

"सौमित्र, तू तिथे गेल्यापासून एकदाही रस्ता ओलांडलेला नाहीस?"

तो म्हणाला, "प्रयत्न केला. एक आजी कावड घेऊन सरळ मधून चालायला लागल्या. म्हटलं, यांच्या मागोमाग जाऊ. त्या पलीकडे पोचल्या. मी दोन पावलांत परत फिरलो."

"म्हणजे तू इतके दिवस..."

"उजवीकडे उजवीकडे वळत राहिलं की ओलांडावं लागत नाही."

"हनोईला जाऊन तू एका इमारतींच्या गठ्ठ्याला प्रदक्षिणा घालतोयस."

"छान आहे तो गठ्ठा. डबेवाले मला ओळखतात आता."

ती हसली, मोठ्याने, एकटीच, पावसात. शेजारी उभा असलेला सायकलवाला वळून बघायला लागला. मग हसू जसं आलं तसं गेलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" त्याचा आवाज उतरला. "तू सगळं एवढं शोधून ठेवलंस. तुझ्या वाटचं बघायला म्हणून मी इथे आलो. आणि मला साधा रस्ता ओलांडता येत नाही, हे सांगू? तू असतीस तर माझा हात धरून फरफटत नेलं असतंस."

बसमध्ये जुळवलेलं वाक्य तिच्या डोक्यातून केव्हाच निघून गेलं होतं. जे उरलं होतं ते ती बोलली.

"मी 'तू तरी जा' म्हणाले ना, तेव्हा तू एकदा तरी नको म्हणायला हवं होतंस."

"पण तूच म्हणालीस जा."

"हो."

"मग ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. पहिलं होतं."

सौमित्र फोनकडे बघत राहिला. कोड का चालत नाही हे शोधताना तो असाच बघायचा. मागून एक स्कूटर गेली, तिच्यावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे संत्र्याचं आख्खं झाड कुंडीसकट बांधलेलं होतं.

"मला वाटलं," तो सावकाश म्हणाला, "मी नाही म्हटलं, तर तुला वाटेल तुझ्यामुळे माझंही बुडालं. म्हणून मी पटकन बरं म्हणालो. म्हटलं, तुला दुसऱ्यांदा म्हणायला लावायला नको. एकदा म्हणतानाच तुझा आवाज कसा झाला होता."

हे तिच्या मनात आलं नव्हतं. त्या 'बरं'चा तिने इतक्या बाजूंनी विचार केला होता, आणि ही एक बाजू राहून गेली होती.

"किती वेळा विचारायचं असतं?" त्याने विचारलं.

"तीनदा."

"आणि तिसऱ्यांदा जे उत्तर येईल ते खरं?"

"साधारण."

"बरं," तो म्हणाला. मग नीट उभा राहिला. "मी परत येऊ का?"

"नको," ती म्हणाली.

"परत येऊ का मी?"

"नको रे."

"चारु. मी परत येऊ?"

दिवा तिच्या बाजूने पांढरा झाला, चालता माणूस लागला, आणि ती उभीच राहिली. हो म्हटलं तर तो येईल. आज तिकीट बदलेल, परवा दाराशी दोन बॅगा असतील. आणि हनोई कुणाचंच उरणार नाही. तिला तो इथे हवा नव्हता. तिला ती तिथे हवी होती, आणि ते त्याच्या हातात नव्हतं, वकिलीणबाईंच्याही नव्हतं. पण तीनदा विचारल्यावर आतली एक गाठ सैल झाली होती, हेही खरं होतं.

"येऊ नकोस," ती म्हणाली. "हे तिसरं आहे. पण खाडीवरही जाऊ नकोस. ते आपल्यासाठी ठेव. मला एकट्याने सांगितलेलं धुकं नकोय."

"बरं," सौमित्र म्हणाला. हे बरं वेगळं होतं. ते म्हणायला त्याने वेळ घेतला.

"आणि आता रस्ता ओलांड."

"आत्ता?"

"आत्ता. फोन छातीशी धर, कॅमेरा समोर. मी आहे."

चित्र हललं, आणि स्क्रीनभर रस्ता आला. स्कूटर, स्कूटर, मधे एक बस, पुन्हा स्कूटर. पलीकडे झाडांची रांग, आणि झाडांमागे तळ्याच्या पाण्याची चकाकी.

"उतर," ती म्हणाली. "थांबू नकोस. पळू नकोस. माझ्या चालीने चल."

रेडमंडच्या चौकात दिव्यातला पांढरा माणूस पुन्हा लागला. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. चारुताने पाऊल खाली ठेवलं, आणि मोठ्याने मोजल्यासारखं म्हणू लागली, "चल, चल, चल." तो चालायला लागला. स्कूटर अंगावर आल्या आणि दोन्हीकडून वळून गेल्या, पाण्यात काठी धरली की पाणी वळतं तशा. मधे एकदा चित्र अडखळलं. "चल," ती म्हणाली, आणि ते पुन्हा पुढे सरकलं. ती पलीकडे पोचली तेव्हा तो अजून मधेच होता. त्याचा रस्ता रुंद होता. ती फुटपाथवर उभी राहून बोलत राहिली. मग चित्रात कठड्याचे दगड आले, आणि त्याचा श्वास ऐकू आला.

"पोचलो," तो म्हणाला. "आई गं. पोचलो."

"झाड शोध."

झाड शोधावं लागलं नाही. फुटपाथवर हिरवट पांढऱ्या फुलांचे बारीक घोस पडले होते. त्याने एक डहाळी उचलून फोनसमोर धरली. पानं एकाच बिंदूतून निघून छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरली होती.

"मोज," ती म्हणाली, जरी तिने केव्हाच मोजली होती.

"सात."

"सातवीण," ती म्हणाली. "सप्तपर्णी. पुण्याला, कॉलेजच्या लायब्ररीच्या मागे. आठवतं? नोव्हेंबरात तुझं डोकं दुखायचं या वासाने, म्हणून आपण मेसला मागच्या लांबच्या रस्त्याने जायचो."

सौमित्रने फोन तोंडासमोर आणला. त्याचे कान लाल झाले होते.

"डोकं कधीच दुखलं नाही," तो म्हणाला. "मला लांबचा रस्ता हवा असायचा."

पाऊस तसाच भुरभुरत होता. समोरून बस गेली आणि तिच्या चाकांनी उडवलेलं पाणी चारुताच्या बुटांपर्यंत आलं, तरी ती हलली नाही. ती दोन वर्षं त्या लांबच्या रस्त्याने चालली होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाईट वाटायचं की याला बिचाऱ्याला एवढा चांगला वास सोसत नाही.

"आणि हे तू आत्ता सांगतोयस."

"तू कधी दुसऱ्यांदा विचारलंच नाहीस, डोकं खरंच दुखतं का."

त्याने डहाळी नाकाशी धरली, आपण होऊन डोळे मिटले.

"सकाळी कमी असतो," तो म्हणाला. "रात्रीचा राहिलेला. आधी नुसता गोड. मग दुधाचा. मग मागे, एकदम तळाशी, थोडा कडू. ओल्या वहीसारखा. मेसच्या भिंतीसारखा. मग पुन्हा गोड."

चारुताने नकळत खोल श्वास घेतला. ओली फरची झाडं, भिजलेला डांबरी रस्ता, बसचा धूर, तिच्या स्वतःच्या जॅकेटचा दमट वास. एकेक सुटा, एकेकाला नाव. त्यांत तो नव्हता.

"परत सांग," ती म्हणाली.